बाळाचे पहिले पाऊल आणि घरची परिस्थिती

जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरतो. काही मुले पाटीवर झरझर रेघा ओढतात, तर काहींची पेन्सिल मुठीतून सुटता सुटत नाही. काही मुले खिडकीच्या गजांवर चढून बसतात, तर काही दोन पायऱ्या उतरतानाही कठडा सोडत नाहीत. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत या फरकाचे कारण बहुधा दोन शब्दांत सांगितले जाते : 'घरची परिस्थिती'.

हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. 'परिस्थिती' म्हणजे खरे तर भोवतालची स्थिती. पण 'त्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात असतो तो पैसा. एकाच शब्दात आपण दोन गोष्टी एकत्र बांधून टाकल्या आहेत, घरात येणारी मिळकत आणि मुलाच्या भोवतालचे प्रत्यक्ष घर. या दोन गोष्टी एकच आहेत का? बाळ केव्हा बसते, केव्हा चालते, त्याची बोटे किती नेमकेपणाने काम करतात, यावर यांपैकी कशाचा परिणाम होतो? शास्त्रज्ञांना या दोन गोष्टी वेगळ्या करायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. तो इतिहास शिक्षकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे, कारण त्यात झालेल्या चुका आपणही वर्गात रोज करत असतो.

आधी शब्द स्पष्ट करू. शरीराच्या हालचालींवर हळूहळू ताबा येत जाणे याला मानसशास्त्रात कारक विकास म्हणतात. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे, उडी मारणे ही मोठ्या स्नायूंची, म्हणजे स्थूल कारक कौशल्ये. चिमटीत चुरमुरा पकडणे, मणी ओवणे, गुंडी लावणे, पेन्सिल धरणे ही बोटांची, म्हणजे सूक्ष्म कारक कौशल्ये.

न्यू हेवनची १०७ बाळे

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी १९११ साली बालविकासाचे एक केंद्र सुरू केले. पुढची तीन-चार दशके ते बाळांच्या हालचालींचे निरीक्षण करत राहिले. चलच्चित्रपटाच्या कॅमेऱ्याने त्यांनी हजारो फूट चित्रण केले आणि कोणत्या वयात बाळ काय करते याची तपशीलवार कोष्टके तयार केली. आज डॉक्टरांच्या दवाखान्यात 'अमुक महिन्याला बाळ बसते' असा जो तक्ता टांगलेला दिसतो, त्याच्या पूर्वजांमध्ये गेझेल यांच्या कोष्टकांचा मान मोठा आहे.

गेझेल यांचे मत असे की बाळाच्या हालचाली आतून उमलतात. मज्जासंस्था पक्व होईल तसे बाळ बसेल, चालेल. बाहेरच्या शिकवण्याने त्यात फारसा फरक पडत नाही. या प्रक्रियेला परिपक्वन म्हणतात. ते सिद्ध करण्यासाठी १९२९ साली त्यांनी हेलन थॉम्प्सन यांच्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्या मुलींपैकी एकीला ४६ आठवड्यांची असल्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा रोज सराव दिला. दुसरीला काहीच सराव दिला नाही. पण दुसरी ५३ आठवड्यांची झाली तेव्हा कोणी न शिकवताच जिना चढली, आणि केवळ दोन आठवड्यांच्या सरावात तिने बहिणीला जवळजवळ गाठले.

प्रयोग सुबक होता आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. पण त्यातून निघालेला निष्कर्ष प्रयोगापेक्षा मोठा होता. दोघी बहिणी एकाच ठिकाणी वाढत होत्या. दोघींना सारखीच जमीन, सारखेच अन्न, सारखीच मोकळीक मिळत होती. रोजच्या जगण्यात हालचालीची संधी पुरेशी असेल तर वरच्या शिकवणीने फार फरक पडत नाही, एवढेच यातून सिद्ध झाले. ती रोजची संधीच नसेल तर काय, हे या प्रयोगाने विचारलेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट. गेझेल यांची कोष्टके मुख्यतः १०७ बाळांवरून तयार झाली होती. ती न्यू हेवन शहरातल्या, उत्तर युरोपीय वंशाच्या, मध्यमवर्गीय कुटुंबांतली होती. गेझेल यांनी त्यांची निवड मुद्दाम एकसारखी केली होती, म्हणजे इतर फरकांचा गोंधळ होऊ नये. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की एका मिळकतीच्या, एका पद्धतीच्या घरात जे घडत होते त्याला 'निसर्ग' असे नाव मिळाले. पाळणा, उंच खुर्ची, कुंपण घातलेली खेळायची चौकट आणि ठरल्या वेळी झोप, हे सारे त्या घरांमध्ये होते. कोष्टकात मात्र फक्त बाळ दिसत होते, घर दिसत नव्हते.

जॉनी आणि जिमी

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅक्ग्रॉ या संशोधिका वेगळ्या वाटेने चालल्या होत्या. त्यांचे 'ग्रोथ : अ स्टडी ऑफ जॉनी अँड जिमी' हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. जॉनी आणि जिमी हे १९३२ साली जन्मलेले जुळे भाऊ. जॉनीला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत अगदी लहानपणापासून रोज हालचालींचा सराव दिला जाई. जिमी त्या वेळात पाळण्यात पडून असे.

निकाल दुहेरी निघाला. बसणे, उभे राहणे, चालणे या गोष्टींत दोघा भावांत फारसे अंतर पडले नाही. पण जॉनी इतक्या लहान वयात चाकांच्या बुटांवर घसरू लागला आणि इतक्या उभ्या उतरणीवर चढू लागला, की तोपर्यंत त्या वयाच्या मुलाला हे जमेल असे कोणालाच वाटले नव्हते. वर्तमानपत्रांनी याची शर्यत करून टाकली आणि कोण जिंकले एवढेच विचारले. मॅक्ग्रॉ यांचे म्हणणे अधिक नाजूक होते. काही हालचालींना सरावाची गरज कमी असते, काहींना फार असते, आणि प्रत्येक हालचालीसाठी सरावाची एक योग्य वेळ असते.

होपींची फळी आणि तेहरानचे अनाथालय

या इतिहासातले सर्वांत बोलके पान वेन डेनिस यांचे आहे, कारण त्यांच्या दोन अभ्यासांमधल्या वीस वर्षांत त्यांचे स्वतःचे मतच बदलले.

१९४० साली वेन आणि मार्सेना डेनिस या दांपत्याने अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. होपी माता जन्मापासून बाळाला कापडात गुंडाळून एका फळीला बांधत. पहिले काही महिने बाळाचा बहुतेक दिवस फळीवरच जाई. काही होपी गावांत मात्र ही पद्धत सुटली होती. तेव्हा बांधलेली आणि न बांधलेली बाळे केव्हा चालू लागली याची तुलना करता आली. दोन्ही गटांची सरासरी जवळजवळ एकच निघाली, सुमारे १५ महिने. म्हणजे गेझेल यांचेच बरोबर! बाळाला बांधा की सोडा, वेळ आली की ते चालणारच.

त्यानंतर डेनिस इराणला गेले. तेहरानमधल्या अनाथ बाळांच्या तीन संस्था त्यांनी पाहिल्या आणि १९६० साली आपले निष्कर्ष छापले. पहिल्या संस्थेत आठ बाळांमागे एक दाई होती. बाळे दिवसभर पाळण्यात उताणी पडलेली असत. त्यांना कोणी पालथे घालत नसे, बसते करत नसे. दुधाची बाटली उशीला टेकवून तोंडात दिली जाई. खेळणे नव्हते. या संस्थेतल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी ६० टक्के मुलांना आधाराशिवाय बसता येत नव्हते. थोड्या मोठ्या मुलांच्या दुसऱ्या संस्थेत तीन ते चार वर्षांच्या मुलांपैकी ८५ टक्के मुले चालत नव्हती. तिसऱ्या संस्थेत मात्र दाया अधिक होत्या. बाळांना मांडीवर घेऊन पाजत, बसवत, पालथे घालत, खेळणी देत. तिथली बहुतेक मुले दोन ते तीन वर्षांत चालत होती.

आणखी एक तपशील शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. पहिल्या दोन संस्थांतली जी मुले जागा सोडून हलत, त्यांतली बरीच रांगत नव्हती, तर बसल्या बसल्या पुढे सरकत होती. रांगण्याची सुरुवात पालथे पडण्यापासून होते, आणि या मुलांना कधी पालथे घातलेच नव्हते. ज्या स्थितीत त्यांना ठेवले होते त्या स्थितीतून जी वाट निघाली, ती त्यांनी धरली.

मग होपी बाळांचे काय? फळी हा त्यांच्या जगाचा एक भाग होता, सगळे जग नव्हे. ती आईजवळ असत, माणसांत असत, मोठी होत तशी फळीवरून अधिकाधिक वेळ सुटत आणि मांडीवर, जमिनीवर खेळत. तेहरानच्या बाळांना कोणी बांधले नव्हते, पण त्यांना कोणी उचललेही नव्हते. परिपक्वन एकटे पुरे पडत नाही, असे आता डेनिस स्वतःच लिहू लागले. पुढे १९६५ साली त्यांनी इव्हॉन सायेघ यांच्याबरोबर बैरूतच्या अनाथालयातला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे काही बाळांना थोडा वेळ टेकवून बसवले आणि हाताळायला वस्तू दिल्या. एवढ्यानेही त्यांचा विकास झपाट्याने वाढला.

गरिबांची बाळे पुढे कशी?

इथवर मिळकतीचा प्रश्न आडूनच येत होता. तो सरळ विचारला गेला तेव्हा उत्तर अनपेक्षित आले.

१९५३ साली ज्युडिथ विल्यम्स आणि रोलंड स्कॉट यांनी काळ्या अमेरिकन कुटुंबांतल्या बाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. गेझेल यांच्याच चाचण्या वापरून त्यांनी कमी मिळकतीच्या आणि बऱ्या मिळकतीच्या घरांतल्या बाळांची तुलना केली. स्थूल हालचालींत कमी मिळकतीच्या घरांतली बाळे पुढे होती! संशोधकांनी घरांकडे पाहिले तेव्हा कारण दिसू लागले. गरीब घरांत पाळणे, उंच खुर्च्या, खेळायच्या चौकटी कमी होत्या. बाळ जमिनीवर आणि माणसांच्या हातात वाढत होते, त्याच्यावर बंधने कमी होती. बऱ्या मिळकतीच्या घरांत बाळाला सुरक्षित 'ठेवायची' साधने अधिक होती. एकाच वंशाच्या दोन गटांत हा फरक दिसल्यामुळे दुसरीही एक समजूत ढासळली. काळी बाळे हालचालींत पुढे असतात ती वंशामुळे, असे म्हणणाऱ्यांना या अभ्यासाने घराकडे पाहायला लावले.

१९५७ साली युगांडातल्या कंपालाहून असाच वाद उठला. मार्सेल गेबर आणि आर. एफ. ए. डीन यांनी लिहिले की तिथली बाळे हालचालींत युरोपीय बाळांच्या पुष्कळ पुढे आहेत. त्यांच्या काही निरीक्षणांच्या पद्धतीवर नंतर टीका झाली. पण गेबर यांचीच एक नोंद महत्त्वाची होती. ज्या थोड्या सुस्थित कुटुंबांनी युरोपीय पद्धत उचलून बाळाला पाळण्यात ठेवायला सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांत ही आघाडी दिसत नव्हती.

याचा उलगडा १९७६ साली चार्ल्स सुपर यांनी केनियातल्या कोकवेत या गावाच्या अभ्यासातून केला. तिथले किप्सिगिस लोक बाळाला बसायला आणि चालायला चक्क शिकवतात. त्यांच्या भाषेत या शिकवण्यांना स्वतंत्र शब्द आहेत. बाळाला आधार मिळेल असा जमिनीत लहान खळगा करून, भोवती कापडे खोचून त्याला बसवतात. बगलेत धरून पावले टाकायला लावतात. कोकवेतची बाळे अमेरिकन बाळांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसत आणि चालत. पण रांगणे तिथे कोणी शिकवत नव्हते, आणि रांगण्यात ती मुळीच पुढे नव्हती. जे वंशामुळे पुढे असते ते सगळ्याच बाबतींत पुढे असायला हवे होते. इथे जे शिकवले तेवढेच पुढे गेले होते.

आपल्याकडे बाळाला पायांवर घेऊन तेल चोळणे, न्हाऊ घालणे, कडेवर घेऊन फिरणे, बोट धरून चालवणे, पांगुळगाडा देणे हे सगळे याच जातीचे. आपण त्याला लाड म्हणतो किंवा रीत म्हणतो, शिक्षण म्हणत नाही. पण बाळाच्या स्नायूंच्या दृष्टीने ते शिक्षणच आहे.

मिळकतीबद्दल सर्वांत मोठी नोंद नॅन्सी बेली यांची आहे. बाळांच्या विकासाच्या त्यांच्या चाचण्या जगभर वापरल्या जातात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी त्याच चाचण्यांवरून भारतीय बाळांसाठी मोजपट्टी तयार केली. बेली यांनी १९६५ साली अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतल्या १ ते १५ महिन्यांच्या १,४०९ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. आई किंवा वडील किती शिकलेले आहेत यावरून बाळाच्या गुणांत फरक पडतो का, हे त्यांनी पाहिले. या वयात तरी तसा फरक आढळला नाही. सुशिक्षित घर आणि अशिक्षित घर यांतली जी दरी शाळेत आपल्याला एवढी मोठी दिसते, ती पाळण्यात दिसत नव्हती.

बाळाचे पाय पाण्यात

संधी मिळाली की हालचाल का सुधारते? १९८०च्या दशकात एस्थर थेलेन यांनी याचे सुंदर उत्तर शोधले. नवजात बाळाला बगलेत धरून त्याचे तळवे जमिनीला टेकवले, तर ते पावले टाकल्यासारखे पाय उचलते. ही हालचाल दोन-तीन महिन्यांत नाहीशी होते. मेंदू पक्व झाला की तो ही जुनी प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असे पूर्वी मानत. पण १९७२ साली फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की रोज थोडा सराव दिला तर ती नाहीशी होत नाही.

थेलेन यांनी बाळाच्या पायांकडेच पाहिले. पहिल्या महिन्यांत मांड्यांवर चरबी झपाट्याने चढते, तेवढ्या वेगाने स्नायूंचे बळ वाढत नाही. मग बाळाला पाय उचलणेच जड जात असेल का? ज्या बाळांची पावले कमी झाली होती त्यांना त्यांनी छातीपर्यंत कोमट पाण्यात धरले. पाण्यात पाय हलके झाले आणि पावले पुन्हा पडू लागली! लहान बाळांच्या पायांना छोटी वजने बांधली तेव्हा त्यांची पावले कमी झाली. म्हणजे हालचाल केवळ मेंदूत लिहून ठेवलेली नसते. शरीराचे वजन, स्नायूंचे बळ, खालची जमीन आणि सराव या सर्वांच्या मेळातून ती घडते.

सराव तरी किती? कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली चालायला शिकणाऱ्या मुलांच्या मोकळ्या खेळाची मोजणी प्रसिद्ध केली. मूल तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते. एवढी पावले टाकायला जागा लागते आणि एवढे पडायला मुभा लागते. या दोन्ही गोष्टी घर देते किंवा देत नाही.

गरिबी कोठे घाव घालते

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग गरिबीने काहीच बिघडत नाही. तसे नाही. मिळकत बाळाच्या पायांना थेट हात लावत नाही, पण ज्या वाटांनी ती घरात शिरते त्या वाटा खऱ्या आहेत.

पहिली वाट अन्नाची. अपुऱ्या आहाराने स्नायू दुबळे राहतात आणि मूल हालचालच कमी करते. हालचाल कमी, म्हणून सराव कमी. रक्तातले लोह कमी असेल तर असेच होते. इंडोनेशियात इद्जरादिनाता आणि पोलिट यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पंडुरोग झालेल्या १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना चार महिने लोह दिल्यावर त्यांचे कारक गुण निरोगी बाळांच्या बरोबरीला आले.

दुसरी वाट माणसांच्या वेळेची. आई दिवसभर मजुरीला आणि बाळ झोळीत किंवा सातआठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, अशा घरात प्रेम कमी नसते, मोकळे हात कमी असतात. तिसरी वाट जागेची. दहा बाय दहाच्या खोलीत चूल, मोरी आणि सहा माणसे असतील तर रांगणाऱ्या बाळाला उचलून ठेवावेच लागते. खेड्यातल्या गरीब घराला अंगण असते, शहरातल्या गरीब घराला तेही नसते. म्हणून दोन्ही घरांची मिळकत सारखी असली तरी बाळांचे अनुभव सारखे नसतात.

चौथी वाट वस्तूंची, आणि ती विशेषतः बोटांची वाट आहे. चालायला जमीन पुरते, पण खडू, कात्री, ठोकळे, कागद हातात आल्याशिवाय त्या वस्तू वापरण्याचे कौशल्य येत नाही. म्हणूनच हालचालींत पुढे असलेले मूल पेन्सिलीत मागे असू शकते.

संशोधकांनी मग मिळकतीच्या आकड्यावर न थांबता प्रत्यक्ष घर मोजायला सुरुवात केली. बेटी काल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांनी अमेरिकेत घरी जाऊन पाहायची एक यादी तयार केली. मोठी माणसे बाळाला प्रतिसाद देतात का, हाताळायला वस्तू आहेत का, अशा गोष्टी तीत पाहिल्या जातात. २००५ साली लुईस रॉड्रिग्स, लिंडा सराइव्हा आणि कार्ल गॅबार्ड यांनी खास कारक विकासासाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. घरात आणि घराबाहेर हलायला जागा किती, मोठी माणसे मुलाबरोबर काय काय करतात, बोटांची आणि अंगाची खेळणी कोणती, हे ती विचारते. 'परिस्थिती' या शब्दाची फोड करण्याचेच हे काम आहे.

या वाटा बदलता येतात याचा पुरावा जमैकाने दिला. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिन्यांच्या, उंची खुंटलेल्या १२९ बाळांवरचा प्रयोग सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. काहींना दर आठवड्याला एक किलो दुधाची पूड दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन आईच्या देखत बाळाशी खेळली आणि आईलाही खेळात घेतले. काहींना दोन्ही मिळाले, काहींना यांतले काही नाही. खेळणी घरगुती, टाकाऊ वस्तूंची होती. दोन वर्षांनी दुधाचा फायदा दिसला, खेळाचाही दिसला, आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. पॉल गर्टलर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याच मुलांचा मागोवा प्रसिद्ध केला. वयाच्या २२ व्या वर्षी, घरी खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती. घरची मिळकत बाळावर परिणाम करते असे आपण म्हणतो. इथे बाळपणीच्या खेळाने पुढची मिळकत बदलली होती.

पैसा आला म्हणजे सगळे आले?

उलटी उदाहरणेही आहेत. बाळाला मध्ये बसवून चाकांवर ढकलायचा 'वॉकर' सुस्थित घरांत हौसेने आणला जातो. अँड्रिया सीगेल आणि रॉजर बर्टन यांना १९९९ साली आढळले की वॉकर वापरणारी बाळे बसणे, रांगणे आणि चालणे या गोष्टी उशिरा शिकली. मोठ्या ताटात बसल्यामुळे त्यांना स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि तोल सांभाळावा लागत नाही. जिन्यावरून पडून होणाऱ्या इजांमुळे कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला पांगुळगाडा वेगळा. त्याला मूल उभे राहून ढकलते, तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. मोबाइलच्या पडद्यापुढे तासन्‌तास खुर्चीत बांधून ठेवलेले बाळ महागड्या घरातले असले, तरी त्याच्या हातापायांना मिळालेली परिस्थिती गरीबच आहे.

अंगणातली शाळा

महाराष्ट्राने या प्रश्नाचे आपले उत्तर फार आधी शोधले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आज पालघर जिल्हा) बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना. माँटेसरींची महागडी साधने परवडत नाहीत, तर शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने करायची. ओवणे, निवडणे, रचणे, ओतणे हे सारे बोटांचे शिक्षण रानातल्या वस्तूंनी होऊ लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. आहार आणि खेळ एकत्र असावेत ही तिची मूळ कल्पना जमैकाच्या प्रयोगाने पुढे खरी ठरवली. मात्र व्यवहारात अंगणवाडीचा खाऊ मोजला जातो तसा खेळ मोजला जात नाही.

शिक्षकांनी काय घ्यावे

२००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ बाळांवरून नवे टप्पे प्रसिद्ध केले. भारतातली बाळे दिल्लीची होती. वाढीला बाधा येणार नाही अशा घरांतली बाळे मुद्दाम निवडली होती. निरोगी बाळ आधाराशिवाय बसते ते ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, आणि आधाराशिवाय चालते ते ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. काही निरोगी बाळे हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. गेझेल यांच्या कोष्टकात प्रत्येक हालचालीला एक वय होते, आता एक ऐसपैस खिडकी आहे. शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले म्हणून तेराव्या महिन्यातल्या बाळाच्या आईने रडायचे कारण नाही. पण १८ महिने होऊनही मूल चालत नसेल तर 'बसेल हळूहळू गाडी रुळावर' म्हणत न थांबता डॉक्टरांकडे जावे. घरच्या परिस्थितीवर बोट ठेवून खरा आजार नजरेआड करणे हीही चूकच.

पहिलीच्या वर्गात मुठीत पेन्सिल धरणारे मूल आले, तर 'मंद' हा शब्द उच्चारण्याआधी आपण तीन साधे प्रश्न विचारावेत. या हातांत आजवर काय आले होते? या मुलाला पुरेसे खायला मिळते का? त्याच्याबरोबर बसायला कोणाला वेळ होता? मग त्याला शेंगा सोलू द्याव्यात, माती मळू द्यावी, बिया ओवू द्याव्यात, जुनी वर्तमानपत्रे फाडू आणि दुमडू द्यावीत. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. पेन्सिल महिनाभर उशिरा आली तरी बिघडत नाही.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना एक प्रकल्प देता येईल. आपल्या गल्लीतल्या दोन वर्षांखालच्या बाळांचा एक तास पाहावा. बाळ किती वेळ जमिनीवर होते, किती वेळ कडेवर, किती वेळ बांधलेले किंवा बसवून ठेवलेले, आणि हातात कोणत्या वस्तू आल्या, एवढेच टिपावे. घरच्यांची परवानगी घ्यावी आणि मिळकत विचारू नये. नोंदी फळ्यावर मांडल्या की श्रीमंत घर आणि गरीब घर अशा दोनच रकान्यांत त्या बसत नाहीत, हे मुलांना स्वतःच दिसेल.

कुटुंबाची मिळकत शिक्षकांच्या हातात नसते. ती वाढावी यासाठी समाजाने झटले पाहिजे, ते काम वेगळे आणि मोठे आहे. पण भोवतालची स्थिती या अर्थाने जी परिस्थिती, तिचा दिवसातल्या पाच तासांचा भाग आपल्या शाळेत आहे. ती खोली, तो व्हरांडा आणि ते मैदान मुलांच्या हातापायांना काय देते, हा प्रश्न मात्र आपल्यालाच विचारला जाईल.